जिवंत बेट : लक्षद्वीपच्या पाण्याखालील जीवसृष्टी

बेट म्हटले की खडकाचा किंवा मातीचा एक भूभाग आणि त्याच्या चारी बाजूंना पाणी, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. अरबी समुद्रातील लक्षद्वीपची बेटे मात्र या कल्पनेत बसत नाहीत. कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेल्या या बेटांवर डोंगर नाही, नदी नाही, आणि ज्वालामुखीचा वा दगडाचा एक तुकडाही सहसा सापडत नाही. पायाखाली असते ती पांढरी वाळू, आणि वाळूखाली चुनखडी. ही सारी चुनखडी सजीवांनी समुद्राच्या पाण्यातून वेचून काढलेली आहे. बेटाची उंची भरतीच्या पाण्यापासून जेमतेम एक-दोन मीटर. एवढ्याशा भूमीवर, एकूण ३२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळात, २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३ माणसे राहत होती.

या बेटांभोवती पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याला रंगीबेरंगी मासे, कासवे, पाकटे, अष्टपाद आणि शार्क दिसतात. ते पाहून तो थक्क होऊन वर येतो. परंतु त्याने जे पाहिले ते बेटाभोवतीचे नुसते शोभेचे उद्यान नव्हे. त्या जीवांपैकी कोणी बेट बांधीत असतो, कोणी ते झिजवीत असतो, कोणी त्याची निगा राखीत असतो. बांधणी आणि झीज यांचा हिशेब जोवर जुळतो, तोवरच बेट समुद्राच्या वर राहते. या पुस्तिकेत आपण त्या पाणबुड्याबरोबर खाली उतरून हा हिशेब समजावून घेऊ.

बेट कसे घडले?

प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा प्राणी आहे. त्याचा एकेक घटक म्हणजे पॉलिप. हा साधारणपणे काही मिलिमीटर रुंदीचा, पिशवीसारख्या देहाचा आणि तोंडाभोवती संस्पर्शकांचे कडे असलेला जीव होय. तो पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याची वाटी तयार करतो. असे असंख्य पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यांवर नवे वाढतात, आणि हजारो वर्षांत प्रवाळशैल उभा राहतो. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतात. घुमटासारखे भरीव प्रवाळ मात्र वर्षाला सुमारे एकच सेंटिमीटर वाढतात. पहिल्यांनी भिंतीला आकार द्यावा आणि दुसऱ्यांनी तिला बळकटी आणावी, अशी जणू ही विभागणी आहे.

एवढे बांधकाम करण्यास लागणारी शक्ती या इवल्या प्राण्याला मिळते कोठून? त्याच्या शरीराच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा भाग यजमान प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरवितो. प्रवाळांना येणारे तपकिरी, हिरवट रंगही बहुतांशी या शैवलांचेच असतात. या सहजीवनामुळेच प्रवाळशैल उथळ, स्वच्छ आणि उबदार पाण्यात वाढतात. ही भागीदारी हा सबंध शैलाचा पाया आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिची गरज पडणार आहे.

लक्षद्वीपची बहुतेक बेटे ही कंकणद्वीपे आहेत. प्रवाळशैलाचे एक वेडेवाकडे कडे, त्याच्या आत उथळ, निळसर-हिरव्या पाण्याचे खारकच्छ, आणि कड्याच्या पूर्वेकडील बाजूवर साठलेल्या वाळूचे चिंचोळे बेट, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. खोल समुद्रात मधोमध असे कडे तयार कसे झाले, या कोड्याचे उत्तर चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले. ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रथम प्रवाळांची झालर वाढते. पुढे तो पर्वत हळूहळू खचत जातो, पण प्रवाळ प्रकाशाकडे वर वाढत राहतात. शेवटी पर्वत बुडून जातो आणि त्याच्या काठाचे कंकण तेवढे उरते. पॅसिफिक महासागरातील एनेवेटाक या कंकणद्वीपावर १९५२ साली छिद्र पाडून पाहिले, तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचे अनुमान खरे ठरले.

लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही एकाच बुडालेल्या पर्वतरांगेवरील बेटे आहेत. भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानावरून गेले, आणि त्या स्थानातील लाव्ह्यातून ही रांग निर्माण झाली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्याच तप्त स्थानाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरविले. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि लक्षद्वीपचा बुडालेला पाया यांचे मूळ एकच आहे.

पाण्याखाली उतरताना

पूर्वी पाणबुड्या श्वास कोंडून बुडी मारीत असे. झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली दाबाखालील हवा गरजेप्रमाणे पुरविणारे श्वसनयंत्र तयार केले, आणि सामान्य माणसाला समुद्रतळावर स्वस्थपणे फिरता येऊ लागले. दर दहा मीटर खोलीगणिक पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. खाली श्वासात घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. म्हणून श्वास कधीही रोखून धरू नये, हा पाणबुड्याचा पहिला नियम आहे.

खाली गेल्यावर रंगांचे जगही पालटते. पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेते. पाच ते दहा मीटरांतच लाल रंग फिका पडून राखाडी होतो आणि निळा तेवढा उरतो. त्यामुळे कपारींत दिवस काढणारे, मोठ्या डोळ्यांचे निशाचर मासे हातातील दिव्याच्या उजेडात लालभडक दिसले, तरी तेथील नैसर्गिक प्रकाशात ते जवळजवळ अदृश्य असतात. आवाज पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, म्हणून तो कोठून आला हे मात्र उमगत नाही. कानावर सतत एक कुरकुर, कटकट येत राहते. ती ऐकून यंत्र बिघडले असे समजू नये. शैल कुरतडणाऱ्या माशांचे आणि नांगी आपटणाऱ्या लहान कोळंब्यांचे ते आवाज होत.

खारकच्छातील कुरणे

खारकच्छाच्या वाळूत समुद्रगवत उगवते. हे शैवल नव्हे; त्याला मुळे, पाने आणि फुलेही असतात. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात आणि त्याच्या आडोशाने माशांची पिले वाढतात. या कुरणांवर चरणारा मोठा प्राणी म्हणजे हिरवे कासव. एक मीटरपर्यंत लांबीचे हे शांत कासव पाणबुड्याकडे एकवार पाहते आणि पुन्हा गवत खुडू लागते. त्याचे भाऊबंद, ससाण्यासारख्या चोचीचे कासव, शैलाच्या फटींतील स्पंज खाऊन राहते.

कासवे दुर्मीळ झाली आहेत म्हणून त्यांचे रक्षण करावे, हे आपण नेहमी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु निसर्गातील हिशेब किती गुंतागुंतीचा असतो याचे उदाहरण अगत्ती बेटावर पाहावयास मिळाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेथील खारकच्छात हिरव्या कासवांची संख्या पुष्कळ वाढली. त्यांनी समुद्रगवत मुळापर्यंत खाल्ले, कुरण ओस पडले आणि त्याच्या आश्रयाने राहणारे मासे कमी झाले. मासे मिळेनासे झाल्याबद्दल कोळ्यांनी कासवांना दोष दिला. कासवे मग दुसऱ्या बेटांच्या खारकच्छांकडे वळली आणि तेथेही तोच प्रकार घडला. कासवांची शिकार करणारे मोठे शार्क कमी झाले, हे यामागील एक कारण असावे असे संशोधकांना वाटते. एक दुवा तुटला की त्याचा ताण दूरच्या दुव्यावर पडतो तो असा.

वाळूवर जागोजाग काळ्या, तपकिरी लोडांसारख्या समुद्रकाकड्या पडलेल्या दिसतात. दिसण्यात या प्राण्यात काहीच आकर्षक नाही, पण तो वाळू गिळतो, तिच्यातील कुजलेले अन्न पचवितो आणि स्वच्छ वाळू मागे टाकतो. गांडूळ शेतात जे काम करते, तेच तो येथे करतो. परदेशात त्याला फार मोठी किंमत येते, म्हणून त्याची चोरटी शिकार होते. भारतात त्याला पकडण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे.

शेजारधर्म आणि सोयरीक

खारकच्छ ओलांडून शैलावर आले की गर्दी एकदम वाढते. प्रवाळांच्या फांद्यांमध्ये समुद्रपुष्पे डोलत असतात. नाव फुलाचे असले तरी हा प्रवाळाचाच आप्त आहे, आणि त्याच्या संस्पर्शकांवर हजारो दंशकोशिका असतात. इतर लहान मासे त्याला स्पर्श होताच गारठतात. विदूषकमासा मात्र त्यांच्यामध्ये निर्धास्त लोळतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे दंशकोशिका चेतविल्या जात नाहीत. त्याला संरक्षण मिळते, आणि समुद्रपुष्प खाऊ पाहणाऱ्या माशांना तो हुसकावून लावतो. या माशांच्या कुटुंबात सर्वांत मोठी असते ती मादी आणि तिच्या खालोखाल तिचा नर. मादी मेली तर नराचेच रूपांतर मादीत होते आणि पुढील लहान मासा नराची जागा घेतो. नवी जोडीदारीण शोधण्यासाठी घर सोडून धोक्यात जाण्याची पाळी त्यामुळे येत नाही.

थोडे पुढे एखाद्या घुमटाकार प्रवाळापाशी वेगवेगळ्या जातींचे मासे निमूटपणे थांबलेले दिसतात. हा येथील न्हाव्याचा ओटा म्हणावा! निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला, बोटाएवढा सफाईमासा एकेकाच्या अंगावरील, कल्ल्यांतील आणि तोंडातीलही परजीवी वेचून खातो. त्याला गिळणे सहज शक्य असताना मोठा हेकरूदेखील जबडा उघडून स्थिर उभा राहतो. जेथे विश्वास आहे तेथे भामटाही असतो. हुबेहूब सफाईमाशासारखा दिसणारा आणि तसाच पोहणारा एक दुसरा मासा जवळ येतो आणि गिऱ्हाइकाच्या परांचा लचका तोडून पळतो.

कपारीतून डोके बाहेर काढून तोंडाची उघडझाप करणारी मोरे जातीची वाम पाहून नवखा पाणबुड्या घाबरतो. वस्तुतः ती धमकावीत नसते. कल्ल्यांवरून पाणी खेळविण्यासाठी तिला तसे करावे लागते. तिच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. ती पुढे सरकून भक्ष्य पकडते आणि आत ओढून नेते, हे २००७ साली प्रथम सिद्ध झाले. त्याच कपारींत अष्टपाद लपलेला असतो. तीन हृदये, निळसर रक्त आणि क्षणात रंग व पोत बदलणारी त्वचा असा हा विलक्षण प्राणी अगदी समोर असूनही ओळखू येत नाही.

वाळूचे कारखानदार

आता एका अशा माशाकडे वळू की ज्याच्यावाचून बेटाला किनाराच राहिला नसता. पोपटमाशाचे दात जुळून त्यांची पोपटासारखी चोच झालेली असते. तिने तो प्रवाळांचा पृष्ठभाग खरवडतो. त्याला हवे असते त्यावरील शैवल आणि सूक्ष्म जीव, पण त्यांच्याबरोबर चुनखडीही पोटात जाते. घशातील दळणाऱ्या दातांनी तिचे पीठ होते, आणि शेवटी ती पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर पडते. या माशाच्या मागे अधूनमधून उठणारा पांढरा ढग म्हणजे बेटाची ताजी वाळू होय. लक्षद्वीपच्याच रांगेतील मालदीवच्या एका बेटाभोवती केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची होती असे आढळले.

पोपटमासे, शेपटीच्या बुंध्याशी धारदार काटा असलेले सर्जनमासे आणि इतर शाकाहारी मासे आणखी एक काम करतात. खडकावर शैवलाची लव माजू लागली की ते ती खुडून टाकतात. प्रवाळांची पोहणारी पिले स्वच्छ खडकावरच ठाण मांडू शकतात. हे मासे नसतील तर शैलावर शैवलाचे रान माजेल आणि नव्या प्रवाळाला पाय ठेवायलाही जागा उरणार नाही.

झिजविणाऱ्यांत सारेच उपकारक नसतात. अनेक बाहूंचा, विषारी काट्यांनी भरलेला काटेमुकुट तारामासा प्रवाळाचे जिवंत मांस पचवून मागे पांढरा सांगाडा ठेवतो. थोडे असताना त्यांचा उपद्रव जाणवत नाही, पण त्यांची एकाएकी वाढ झाली की शैल उजाड होऊ शकतो. त्यांना खाणारी मोठी शंखगोगलगाय सुंदर कवचासाठी माणसाने बेसुमार वेचली, हे येथे सांगणे अवश्य आहे.

धोका कोणाकडून?

समुद्रात धोका म्हटला की लोकांना शार्क आठवतो. या शैलांवर नेहमी दिसणारा, पराच्या टोकाशी पांढरा असलेला शार्क सुमारे दीड मीटर लांब असतो. तो दिवसा कपारीत विसावतो, रात्री लहान मासे शोधतो, आणि त्रास दिल्याखेरीज माणसाच्या वाटेला जात नाही. खरी काळजी घ्यावयाची ती स्थिर आणि देखण्या जीवांची. सिंहमाशाचे पिसाऱ्यासारखे पर मोहक दिसतात, पण त्यांतील काटे विषारी असतात. पाषाणमासा शेवाळलेल्या दगडासारखा पडून राहतो. त्याच्यावर पाय पडला तर असह्य वेदना होतात आणि जिवावरही बेतू शकते. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख हातात घेणे तर सर्वांत घातक, कारण त्यांतील काही गोगलगायी विषारी बाण मारतात आणि त्या विषावर उतारा नाही. माशांच्या काट्यांचे विष उष्णतेने निष्प्रभ होते, म्हणून जखमी भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. या सर्वांवरचा साधा उपाय एकच : पाहावे, पण कशालाही हात लावू नये.

शैलाच्या बाहेरील कडा

खारकच्छाच्या विरुद्ध बाजूला शैल एकदम खोल समुद्रात उतरतो. येथे भरती-ओहोटीच्या प्रवाहांबरोबर प्लवक येतात, आणि त्यांच्या मागोमाग मँटा पाकट येते. शैलांजवळ राहणाऱ्या या पाकटीचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तीन मीटरांहून अधिक असतो. तरीही तिचे अन्न म्हणजे कल्ल्यांनी गाळून घेतलेले सूक्ष्म जीव. तिच्या पोटावरील ठिपके प्रत्येकीचे वेगळे असतात, त्यामुळे छायाचित्रावरून तिची ओळख पटते. सुमारे वर्षभराच्या गर्भधारणेनंतर तिला बहुधा एकच पिलू होते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीला मासेमारीचा तडाखा बसला तर ती सावरण्यास फार काळ लागतो.

याच कड्यापलीकडे लक्षद्वीपचे कोळी कुपा मासा पकडतात. त्यांची पद्धत मिनिकॉय बेटावरून इतर बेटांवर पसरली. खारकच्छातील लहान मासे जाळ्याने जिवंत पकडून होडीत ठेवायचे, कुप्यांचा थवा दिसताच ते पाण्यात फेकायचे, आणि खवळलेले कुपे काठीच्या गळाने एकेक करून वर घ्यायचे. या पद्धतीत नको असलेले मासे फारसे मरत नाहीत. परंतु आमिषाचे मासे प्रवाळांच्या आसऱ्याने राहतात; म्हणून दूर समुद्रातील हा धंदाही शेवटी प्रवाळांवरच उभा आहे.

पांढरे पडणारे प्रवाळ

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आणि शैवल यांची भागीदारी मोडते. प्रवाळ शैवलांना बाहेर टाकतो, त्याचा रंग जातो आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. न निवल्यास मरतो. प्रथम बळी जातात ते फांद्यांसारखे व मेजासारखे वाढणारे प्रवाळ, आणि घुमटाकार प्रवाळ अधिक काळ तग धरतात.

लक्षद्वीपवर १९९८, २०१० आणि २०१६ साली अशा मोठ्या आपत्ती कोसळल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा तीव्र विरंजन झाले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथे भारतीय संशोधकांनी चोवीस वर्षे केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. १९९८ साली शैलाच्या सुमारे ३७ टक्के पृष्ठभागावर जिवंत प्रवाळ होते. २०२२ पर्यंत ते प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर आले. याच अभ्यासाने एक आशेची गोष्टही दाखविली. दोन आपत्तींमध्ये सहा-एक वर्षांची उसंत मिळाली तर प्रवाळांची भरपाई वेगाने होऊ लागते. दुर्दैव असे की ही उसंतच कमी होत चालली आहे.

प्रवाळ मेले तर बेटाचे काय होते? शैलावर आपटून लाटांची शक्ती मोडते. जगातील अनेक शैलांवरील मोजण्या एकत्र करून २०१४ साली काढलेल्या अनुमानाप्रमाणे प्रवाळशैल लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. शैल झिजून सपाट झाला की तीच लाट किनाऱ्यावर येते. बेटाच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत साठलेले असते, आणि विहिरींना तेच मिळते. किनारा खचला व समुद्र आत आला तर ते पाणीही खारे होते. लक्षद्वीपमधील बेटांची संख्या पूर्वापार ३६ सांगितली जाते. त्यांपैकी बंगारम कंकणद्वीपातील पराली-१ हे निर्जन बेट झिजून पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ साली जाहीर झाले. बांधणीपेक्षा झीज वाढली तर काय होते, याचा हा लहानसा पण स्पष्ट पुरावा आहे.

आपले कर्तव्य

समुद्र तापण्याचे मूळ कारण, म्हणजे कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड, हे एकट्या लक्षद्वीपच्या हाती नाही. ते सर्व देशांच्या हाती आहे. परंतु तापलेल्या पाण्यातून सावरण्याची शैलाची ताकद टिकविणे स्थानिक वर्तनावरही अवलंबून आहे. पोपटमासे व शार्क राखणे, सांडपाणी आणि गाळ खारकच्छात न सोडणे, प्रवाळ न तोडणे, होडीचा नांगर शैलावर न टाकता वाळूत टाकणे, या गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्याचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणे हा गुन्हा आहे. पाणबुड्याच्या पायातील वल्ह्याचा एक फटका दहा वर्षांची वाढ मोडू शकतो, हे त्याने विसरू नये.

प्रवाळांचा हा वारसा केवळ दूरच्या बेटांवर आहे असेही नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यालगतही प्रवाळ आढळतात. तेथे बुडी मारणाऱ्या प्रत्येकाने आपण एका चालू बांधकामावर पाहुणे म्हणून आलो आहोत एवढे ओळखले, तरी पुष्कळ साधेल. ज्या पॉलिपची रुंदी मिलिमीटरांत मोजावी लागते, त्याने माणसांना राहण्यासाठी भूमी उभी करून दिली. ती टिकविण्यासाठी तो माणसाकडून मागतो ते फार थोडे : स्वच्छ पाणी, निवळ प्रकाश आणि सावरण्यापुरता वेळ.